२७८ केईव्ही : ताऱ्यातली अभिक्रिया मोजायला शिकताना

एम.एस्सी. संपवून आमच्या क्षेत्रात नव्यानं आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न विचारतात. ताऱ्याच्या पोटात काय चाललंय ते आपण इथे तळघरात बसून मोजणार कसं? तर तारा मोजायचा नसतोच. ताऱ्यातला एक प्रोटॉन एका केंद्रकावर आदळला तर पुढे काय होतं, एवढंच मोजायचं. आणि ते बऱ्याचदा नव्या केंद्रकाच्या एखाद-दुसऱ्या ऊर्जापातळीवर ठरतं: ती पातळी किती उंचीवर आहे, किती काळ टिकते, कुठल्या वाटेनं खाली येते.

हा लेख त्या मुलांसाठी. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेते. नायट्रोजन-१४ चं केंद्रक एक प्रोटॉन गिळतं, गॅमा किरण टाकतं आणि ऑक्सिजन-१५ होतं. कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातली ही सगळ्यांत संथ पायरी. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असली की मागे गाड्या तुंबतात, तसं या पायरीच्या अलीकडे नायट्रोजन-१४ साठत जातं. आपल्या हवेतल्या नायट्रोजनचा मोठा भाग जुन्या ताऱ्यांमधल्या याच तुंबाऱ्यातून आलेला आहे. शिकायला ही अभिक्रिया चांगली, कारण तिचा एक रेझोनन्स, म्हणजे अनुस्पंदन, प्रोटॉनांना वेग देणाऱ्या लहान यंत्रावर दिसतो, आणि त्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवावं. आपली चूक कुठे होते ते त्यातच कळतं.

आधी कागद-पेन्सिल

बीमटाइम, म्हणजे यंत्रातला प्रोटॉनांचा झोत (बीम) वापरायला नेमून दिलेला वेळ, मिळाला की थेट यंत्राकडे धावायचं नाही. आधी एका कागदावर ऑक्सिजन-१५ च्या पातळ्यांची शिडी काढा. तळाला शून्य. मग ५१८१, ६१७२, ६७९२, ७५५६ केईव्ही (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट). या उंचीत आणखीही पातळ्या आहेत, पण आपल्याला या पुरे. आता उजवीकडे ७२९७ केईव्हीवर एक आडवी रेघ मारा. नायट्रोजन-१४ आणि प्रोटॉन एकमेकांजवळ नुसते स्तब्ध ठेवले तर ऑक्सिजन-१५ च्या तळापेक्षा ते एवढ्या उंचीवर असतात. हा उंबरठा.

७५५६ ची पातळी उंबरठ्याच्या २५९ केईव्ही वर आहे. प्रोटॉन आणि नायट्रोजन मिळून नेमकी एवढी ऊर्जा घेऊन आले की अभिक्रिया एकदम वाढते. हाच तो रेझोनन्स. पण प्रयोगशाळेत नायट्रोजन स्थिर असतो आणि प्रोटॉन एकटाच धावत येतो, त्यामुळे थोडी ऊर्जा नुसती पुढे ढकलण्यात खर्च होते. २५९ ला १५/१४ नं गुणा. २७८ येईल. यंत्रावर लावायचा आकडा हा. दोन आकड्यांपैकी कुठला लिहिला आहे ते न पाहता टिपण काढणारे दरवर्षी भेटतात. मीही त्यातलीच होते.

आणि सूर्य कुठे आहे? सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी केल्विन. तिथे कणांची सरासरी ऊष्मीय ऊर्जा एक-दीड केईव्हीच्या घरात. प्रोटॉनला नायट्रोजनच्या विद्युत-प्रतिकर्षणाचा डोंगर ओलांडायचा आहे, त्यामुळे जास्त ऊर्जेचे प्रोटॉन उपयोगाचे. पण जास्त ऊर्जेचे प्रोटॉन फार थोडे. या दोन गोष्टींच्या ओढाताणीत सूर्यातल्या बहुतेक अभिक्रिया २७ केईव्हीच्या आसपास, साधारण १४ केईव्ही रुंदीच्या पट्ट्यात घडतात. याला गॅमॉव्ह शिखर म्हणतात. म्हणजे आपला रेझोनन्स सूर्याच्या पट्ट्यापासून बराच वर आहे. तो कामाचा ठरतो जास्त तापलेल्या ताऱ्यांत, दहा कोटी केल्विन आणि पुढे. सूर्यासाठी ६७९२ ची पातळी महत्त्वाची. ती उंबरठ्याखाली ५०५ केईव्हीवर आहे, तिच्यावर थेट उडी मारता येत नाही, पण तिची शेपटी उंबरठा ओलांडून वर येते. तिच्याकडे नंतर वळू.

कागदावरचं शेवटचं काम म्हणजे रेझोनन्सची ताकद, जिला सगळे ओमेगा-गॅमा म्हणतात. आपल्या रेझोनन्ससाठी ती सुमारे १३ मिलि इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. इंग्रजीत हे लिहिताना मिलिचा छोटा एम आणि मेगाचा मोठा एम यांत शंभर कोटी पटीचा फरक असतो. वहीत आकडा उतरवताना एकक अक्षरांत लिहून ठेवा. १३ मिलि-ईव्ही इतकी लहान का? पातळीची एकूण रुंदी सुमारे एक केईव्ही आहे आणि ती जवळजवळ सगळी प्रोटॉनची. आत आलेला प्रोटॉन बहुतेक वेळा आल्या पावली परत जातो. गॅमा टाकून खाली उतरणं पंचवीस हजारांत एकदा वगैरे घडतं. सगळा प्रयोग त्या एकासाठी.

यंत्र

यावर फार लिहीत नाही, कारण ते चालवणारे लोक वेगळे असतात आणि त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. चारशे-पाचशे किलोव्होल्टचं लहान यंत्र पुरतं. कुलाब्यातला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन या कामाला उगाच मोठा. त्यावर दुसऱ्या प्रकारची, आडवाटेनं जाणारी मोजणी होते. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेना नावाचं ३ दशलक्ष व्होल्टचं यंत्र खास ताऱ्यांच्या अभिक्रियांसाठी उभारलेलं आहे. तुमच्या गटाचा तिथे प्रस्ताव असेल तर त्यात नाव घालून घ्या.

तुम्ही स्वतः करायचं ते एकच. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर २७८ दिसतंय म्हणून बीम २७८ चा आहे असं धरू नका. ओळखीचे रेझोनन्स वापरून ऊर्जेची मोजपट्टी तपासा. ॲल्युमिनियम-२७ चा ९९२ केईव्हीचा आणि फ्लोरिनचा ३४० केईव्हीचा, हे नेहमीचे. यंत्र तिथवर पोचत नसेल तर आपला २७८ चाच मोजपट्टीवरची खूण म्हणून वापरला जातो. अंगावर पडलेलं प्रारण नोंदवणारा टीएलडी बिल्ला छातीला लावा. या ऊर्जेला धोका मुख्यतः उच्च दाबाच्या विजेचा आणि क्ष-किरणांचा असतो.

टार्गेट: इथेच बहुतेक चुका

नायट्रोजन वायूचं टार्गेट करणं किचकट असतं, म्हणून टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर टॅन्टलमच्या जाड चकतीवर स्पटरिंगनं चढवतात. टॅन्टलम कारण ते जड असतं. या ऊर्जेच्या प्रोटॉनला त्याच्या केंद्रकाजवळ फिरकताही येत नाही, त्यामुळे त्याच्याकडून गॅमा येत नाहीत. चकतीच्या मागून पाणी खेळवावं लागतं. २७८ केईव्हीचा बीम १०० मायक्रोॲम्पिअर असला तर जवळपास २८ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत जिरते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सोल्डरिंगच्या खिळ्याला बोट लावून पाहिलेल्याला विचारा.

टार्गेट बसवलं की पहिलं काम स्कॅन. बीमची ऊर्जा २७० पासून एकेक केईव्हीनं वाढवत न्या आणि दर पायरीला ठराविक विद्युतभारामागे किती गॅमा आले ते मांडा. २७८ च्या अलीकडे काही नाही. २७८ ला आलेख भिंतीसारखा उभा चढतो. मग सपाट पठार. पुढे कुठेतरी उतार. पठाराचा अर्थ असा की बीम जास्त ऊर्जेनं आत शिरला तरी थरातून जाताना तो हळू होत जातो आणि थराच्या आत कुठेतरी बरोबर २७८ चा होतो. उताराचा अर्थ असा की थर संपला तरी तो तेवढा हळू झाला नाही. चढापासून उतारापर्यंतचं अंतर म्हणजे थराची जाडी, केईव्हीच्या भाषेत. पठाराची उंची म्हणजे तुमचं उत्तर, अजून कच्च्या रूपात.

हा स्कॅन एकदा करून थांबायचं नाही. बीम पडत राहिला की थर झिजतो, नायट्रोजन उडून जातो. पठार खाली येतं, उताराची कड आत सरकते. दर काही कूलंबनंतर तोच स्कॅन पुन्हा करा, आधीच्या आलेखावर ठेवून पाहा. आणि चढाची भिंत उजवीकडे सरकताना दिसली, म्हणजे २७८ च्या जागी २७९, २८०, तर समजा की टार्गेटवर कार्बनची पुटं चढत आहेत. निर्वात नळीत पंपाच्या तेलाची वाफ थोडी असतेच. बीम पडतो तिथे ती जळून काळा डाग पडतो आणि प्रोटॉनला थरापर्यंत पोचण्याआधी त्यातून जावं लागतं. उपाय जुना आहे. टार्गेटच्या अगदी पुढे तांब्याची नळी ठेवून ती लिक्विड नायट्रोजननं थंड ठेवायची; वाफ तिच्यावर गोठते. रात्रपाळीला लिक्विड नायट्रोजन भरायची पाळी कुणाची, यावरून गटातली मैत्री तपासली जाते.

किती प्रोटॉन पडले

टार्गेटमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजला की प्रोटॉन मोजले, असं वाटतं. पण प्रोटॉन आपटला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ऋण भार निघून गेला म्हणजे मीटरला धन भार जास्त आल्यासारखं दिसतं. म्हणून टार्गेटच्या पुढे उणे तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असलेली कडी बसवतात; ती इलेक्ट्रॉनांना परत हाकलते.

माझ्या दुसऱ्याच बीमटाइमला या कडीची केबल टोकाशी सैल होती. दाब पेटीवर दिसत होता, कडीवर नव्हता. रात्रभराचे प्रोटॉन आम्ही खऱ्यापेक्षा जास्त मोजले आणि रेझोनन्सची ताकद पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली. तीन दिवस आम्ही टार्गेटला दोष देत होतो. तेव्हापासून मी शिफ्ट सुरू होताना कडीचा दाब शून्य करून प्रवाह वाढतो का ते पाहते, मग पुन्हा चालू करून कमी होतो का ते पाहते. अर्धं मिनिट लागतं. वाढ-घट दिसलीच नाही तर केबल बघा.

डिटेक्टर कुठे ठेवायचा

अतिशुद्ध जर्मेनियमचा डिटेक्टर लागेल. कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्हीच्या रेषेवर त्याची विभेदनक्षमता दोन केईव्हीच्या आसपास असते. आपल्या गॅमांसाठी मात्र सात एमईव्हीपर्यंत (सात हजार केईव्ही) त्याची एफिशियन्सी, म्हणजे निघालेल्या गॅमांपैकी तो किती पकडतो, ते कळायला हवं, आणि तयार मिळणारे किरणोत्सर्गी स्रोत तिथवर जात नाहीत. सिझियम-१३७ चा ६६२, कोबाल्ट-६० चे ११७३ आणि १३३२, युरोपियम-१५२ च्या अनेक रेषा, यांनी खालची बाजू बांधून घ्या. कोबाल्ट-५६ मिळाला तर साडेतीन एमईव्हीपर्यंत जाता येतं. वरची बाजू गमतीची: तिथे आपला रेझोनन्सच मोजपट्टी होतो.

कारण ७५५६ ची पातळी बहुतेक वेळा दोन उड्यांत खाली येते. सुमारे ५८ टक्के वेळा आधी ६१७२ वर, म्हणजे १३८४ केईव्हीचा गॅमा, मग ६१७२ चा. सुमारे २३ टक्के वेळा ६७९२ वर, म्हणजे ७६५ चा गॅमा, मग ६७९२ चा. सुमारे १७ टक्के वेळा ५१८१ वर, म्हणजे २३७५ चा, मग ५१८१ चा. प्रत्येक जोडीत पहिला आणि दुसरा गॅमा सारख्याच संख्येनं निघतात. पहिल्याची एफिशियन्सी तुम्हाला कोबाल्ट-युरोपियमवरून माहीत आहे. मग स्पेक्ट्रममधल्या दोघांच्या काउंट्सच्या गुणोत्तरावरून दुसऱ्याची कळते. शिवाय पातळीचा स्पिन १/२ असल्यामुळे गॅमा सगळ्या दिशांना सारखे जातात. कोनाची दुरुस्ती करावी लागत नाही. पहिल्या प्रयोगाला एवढं सोयीचं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

उरलेले दीड-पावणेदोन टक्के वेळा पातळी एकाच उडीत तळाला येते आणि ७५५६ चा गॅमा देते. इथे सापळा आहे. नवीन माणसाचा हात डिटेक्टर जवळ सरकवायला शिवशिवतो, कारण जवळ आला की काउंट्स वाढतात. पण जवळ असताना ७६५ आणि ६७९२ चे दोन्ही गॅमा एकाच वेळी डिटेक्टरमध्ये शिरण्याची शक्यता वाढते. डिटेक्टरला दोन वेगळे कळत नाहीत. तो बेरीज करून ७५५६ सांगतो. हिशेब करून पाहा: ७६५ वर दोन टक्के एफिशियन्सी असेल इतक्या जवळ डिटेक्टर ठेवला आणि तिन्ही जोड्या धरल्या, तर ७५५६ च्या शिखरात खोट्या काउंट्स खऱ्यांच्या जवळपास बरोबरीला येतात.

हे पुस्तकी दुखणं नाही. तळाशी थेट येणारी ही वाट सूर्यासाठी किती धरायची, यावर जवळपास वीस वर्षं घोळ होता. १९८७ च्या मोजणीवरून ती मोठी वाटत होती. इटलीत ग्रान सासो पर्वताखालच्या लुना प्रयोगानं २००४ साली दाखवलं की ती त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकी आहे. त्या एका दुरुस्तीमुळे पूर्ण अभिक्रियेचा वेग जवळपास निम्म्यावर आला. वेग निम्मा म्हणजे म्हातारे तारे या चक्राकडे उशिरा वळणार. सगळ्यांत जुन्या गोलाकार तारकागुच्छांचं वय त्या हिशेबानं ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढलं.

म्हणून दोन अंतरांवर मोजा. एकदा जवळ, एकदा वीस-तीस सेंटिमीटर लांब. ७५५६ च्या काउंट्सचं ६१७२ शी असलेलं गुणोत्तर दोन्ही ठिकाणी सारखं आलं नाही तर फरक बेरजेचा, आणि तो हिशेबात धरता येतो. डिटेक्टर शक्यतो बीमच्या दिशेशी ५५ अंशांवर ठेवा. पुढे दुसऱ्या स्पिनचे रेझोनन्स मोजाल तेव्हा ही सवय कामी येईल.

स्पेक्ट्रम वाचणं

पहिला स्पेक्ट्रम बघून घाबरू नका. एका सहा-सात एमईव्हीच्या गॅमामागे तीन शिखरं दिसतात: पूर्ण ऊर्जेचं, त्याच्या ५११ केईव्ही खाली एक, आणि १०२२ खाली एक. डिटेक्टरमध्ये इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते आणि पॉझिट्रॉन नष्ट होताना निघालेल्या दोन किरणांपैकी एक किंवा दोन्ही निसटतात, म्हणून. तिन्हींच्या जागा कागदावर आधीच लिहून ठेवा.

मग ओळखीचे आगंतुक. १४६१ म्हणजे भिंतीतलं पोटॅशियम-४०. २६१५ म्हणजे थोरियमच्या साखळीतला थॅलियम-२०८. त्याच्या वर नैसर्गिक रेषा जवळजवळ नसतात, वैश्विक किरणांतून तयार होणारे म्युऑन कण तेवढे त्रास देतात. ४४३९ दिसला तर कार्बन-१२ ची उत्तेजित पातळी. ती नायट्रोजन-१५ पासून येते, जो साध्या नायट्रोजनमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो तरी दिसतो. आणि ६१३० दिसला तर फ्लोरिन. हा सगळ्यांत उपद्रवी. आपल्या ६१७२ पासून चाळीसच केईव्ही दूर. फ्लोरिन टॅन्टलमच्या चकतीवर साफसफाईच्या रसायनांतून येतं. बीम ३४० पर्यंत नेला नाही तरी फ्लोरिनचा २२४ चा छोटा रेझोनन्स आहेच, आणि बीम चकतीत हळू होताना त्यावरून जातो. थर नसलेल्या कोऱ्या चकतीवर अर्धा दिवस बीम टाका आणि तो स्पेक्ट्रम जपून ठेवा. बीमटाइम वाया गेला असं वाटेल. जात नाही.

शिखराची जागा वाचताना आणखी एक गोष्ट. प्रोटॉन आदळल्यावर ऑक्सिजन-१५ पुढे धावत असतो, प्रकाशाच्या वेगाच्या ०.१६ टक्के वेगानं. डिटेक्टर शून्य अंशांवर असेल तर ६७९२ चं शिखर ११ केईव्ही वर सरकलेलं दिसतं. ९० अंशांवर सरकत नाही. उलट गॅमा बाहेर पडताना केंद्रकाला मागे धक्का देतो, त्यात सुमारे १.६५ केईव्ही जातात. पातळीची ऊर्जा जाहीर करण्याआधी या दोन्ही दुरुस्त्या करा.

आकडा काढणं

पठारावर, एका प्रोटॉनमागे किती अभिक्रिया झाल्या हे आता तुमच्याकडे आहे: शिखरातल्या काउंट्स, भागिले एफिशियन्सी, भागिले त्या वाटेचा टक्का, भागिले प्रोटॉनांची संख्या. डेड टाइमची, म्हणजे आधीची नोंद घेण्यात गुंतल्यामुळे डिटेक्टर नवं काही टिपू शकत नाही त्या वेळेची, दुरुस्ती विसरू नका. या आकड्याचं ओमेगा-गॅमाशी नातं सरळ आहे. तो ओमेगा-गॅमाच्या प्रमाणात वाढतो, प्रोटॉनच्या तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि थरातून जाताना प्रोटॉनची ऊर्जा जितकी पटापट कमी होते तितका घटतो.

आपल्या टायटॅनियम नायट्राइडसाठी आकडे घातले की एक लाख कोटी प्रोटॉनांमागे साधारण आठ अभिक्रिया येतात. दहा मायक्रोॲम्पिअरचा बीम म्हणजे सेकंदाला बासष्ट लाख कोटी प्रोटॉन. म्हणजे सेकंदाला पाचशेच्या जवळपास अभिक्रिया. त्यातल्या ५८ टक्के ६१७२ वरून जाणार, आणि डिटेक्टर त्या शिखरात हजारात एक पकडणार असं धरलं तर दहा तासांत दहा हजार काउंट्स, एक टक्का सांख्यिक अनिश्चितता. एका रात्रीचं काम. पण एक टक्का नुसता सांख्यिक. प्रोटॉन थरात किती ऊर्जा गमावतो याच्या तक्त्यांची अनिश्चितता त्याहून मोठी असते, आणि थरात टायटॅनियम-नायट्रोजनचं प्रमाण खरंच एकास एक आहे का, हाही प्रश्न असतो. रात्री वाढवून तो सुटत नाही. थराचं रासायनिक विश्लेषण करून घ्या.

ऱ्हासावरून दुसरी मोजणी

ऑक्सिजन-१५ स्वतः टिकत नाही. १२२ सेकंदांच्या अर्धायुष्यानं तो पॉझिट्रॉन टाकून नायट्रोजन-१५ होतो. म्हणजे अभिक्रिया किती झाल्या हे गॅमांच्या वाटा न मोजताही कळू शकतं: दहा मिनिटं बीम टाका, बीम थांबवा, आणि ५११ केईव्हीच्या काउंट्स वेळेनुसार कमी होताना पाहा. कुठल्या वाटेनं केंद्रक खाली आलं याला इथे महत्त्व नाही, बेरजेचा सापळाही नाही. हंगेरीतल्या देब्रेत्सेनच्या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत याच अभिक्रियेवर ही पद्धत वापरली गेली आहे.

मात्र ५११ ही सगळ्या पॉझिट्रॉनांची सामाईक रेषा. पुटातल्या कार्बन-१२ पासून नायट्रोजन-१३ होतं आणि त्याचं अर्धायुष्य दहा मिनिटं. म्हणून वीस मिनिटं तरी मोजत राहा आणि आलेखाला दोन अर्धायुष्यांची बेरीज बसवा. पहिला तुकडा १२२ सेकंदांचा आला नाही तर पुढचं काही लिहू नका. पॉझिट्रॉन टार्गेटच्या पातळ थरातून निसटून लांब जाऊन नष्ट होऊ शकतो, तेव्हा टार्गेटभोवती पुरेसा धातू हवा. दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली की रात्री झोप लागते.

जिथे थेट पोचता येत नाही

आता सूर्याकडे. २७ केईव्हीला थेट मोजणी अजून कुणालाच जमलेली नाही; अभिक्रिया इतक्या दुर्मीळ होतात. लुनानं १४०० मीटर खडकाखाली, जिथे म्युऑन दहा लाख पटींनी कमी असतात, तिथे ७० केईव्हीपर्यंत मजल मारली, आणि तिथे दिवसाला जेमतेम दहा-अकरा घटना मिळत होत्या. त्याखाली आर-मॅट्रिक्स नावाच्या गणितानं आलेख लांबवावा लागतो, आणि त्या गणिताला ६७९२ च्या पातळीचं आयुष्य हवं असतं.

ते आयुष्य एक फेम्टोसेकंद (सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाचा दहा लाखावा भाग) किंवा त्याहून कमी आहे. एवढं लहान मोजायला वर सांगितलेलं शिखराचं सरकणंच (त्याला डॉप्लर सरकणं म्हणतात) वापरतात. ऑक्सिजन-१५ धातूत धावता धावता हळू होत जातो. पूर्ण वेगात असताना गॅमा टाकला तर शिखर पूर्ण ११ केईव्ही सरकतं, हळू झाल्यावर टाकला तर कमी. पण एका फेम्टोसेकंदात तो अर्धा नॅनोमीटर जातो, म्हणजे अणूंचे दोन-तीन थर. एवढ्यात वेग जवळजवळ कमी होतच नाही, आणि पूर्ण सरकण्यातला बारीकसा तुटवडा शोधावा लागतो. कॅनडातल्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत यासाठी उलट वाटेनं गेले: हेलियम-३ सोन्याच्या पत्र्यात रोवून त्यावर ऑक्सिजन-१६ चा बीम मारला, म्हणजे केंद्रक बरंच जास्त वेगानं निघतं आणि सरकणं मोठं होतं. वेगवेगळ्या गटांची उत्तरं अजून एकमेकांशी नीट बसत नाहीत. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

ऱ्हासाची आणखी एक वाट आहे, ती आपल्या अभिक्रियेला लागत नाही पण माहीत असावी. कार्बन-१२ ची ७६५४ केईव्हीची पातळी असल्याशिवाय ताऱ्यांत कार्बन पुरेसा होणार नाही, असं फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितलं आणि कॅलिफोर्नियात ती सापडली. आपल्या जयंत नारळीकरांचे हे केंब्रिजमधले गुरू. १९५७ मध्ये त्या पातळीचा अभ्यास करताना बोरॉन-१२ वापरलं गेलं. ते वीस मिलिसेकंदांत ऱ्हास पावतं आणि कधी कधी नेमकं त्या पातळीवर उतरतं. बीम मारून जिथे चढता येत नाही तिथे वरून घसरत यायचं. नोव्हांमधल्या, म्हणजे अचानक भडकणाऱ्या ताऱ्यांमधल्या, अल्पजीवी केंद्रकांच्या पातळ्या आज याच युक्तीनं शोधल्या जातात.

दर, आणि काय छापायचं

अरुंद रेझोनन्समुळे होणारा अभिक्रियेचा वेग दोन आकड्यांवर उभा असतो: ओमेगा-गॅमा आणि रेझोनन्सची ऊर्जा. पहिल्यात दहा टक्के चूक झाली तर वेगात दहा टक्के चूक. दुसरा मात्र घातांकात बसलेला आहे. दहा कोटी केल्विनला रेझोनन्सची ऊर्जा ५ केईव्हीनं चुकली तर वेग १.८ पट चुकतो. वीस कोटींना तीच चूक १.३ पट. म्हणून मी नव्या मुलांना काउंट्सपेक्षा मोजपट्टीवर जास्त वेळ घालवायला लावते, आणि ती कंटाळतात.

लेख लिहिताना फक्त ओमेगा-गॅमा देऊ नका. पठारावरच्या अभिक्रिया प्रति प्रोटॉन द्या, थराचं रासायनिक प्रमाण द्या, प्रोटॉनच्या ऊर्जाऱ्हासाचा तक्ता कुठल्या आवृत्तीचा वापरला ते द्या, डिटेक्टरचं अंतर आणि बेरजेची दुरुस्ती किती टक्के होती ते द्या. तक्ते दर काही वर्षांनी सुधारतात. तुमचा कच्चा आकडा छापलेला असेल तर दुसऱ्या कुणाला पाच मिनिटांत नवं उत्तर काढता येतं. नसेल तर त्याला पुन्हा टार्गेट बनवून, लिक्विड नायट्रोजन भरत, रात्री जागून तीच मोजणी करावी लागते.